सेकंडहँड मोबाइल घेताना: आधी कागद, मग लॉक, मग फोन

जेवढ्या पैशांत नवा साधा फोन येतो, तेवढ्यातच दोन वर्षं वापरलेला चांगला फोन मिळत असेल तर मी वापरलेल्याच्या बाजूने बोलतो. त्याचा कॅमेरा चांगला असतो, तो लवकर हँग होत नाही आणि आता काही फोनमध्ये अपडेटचीही फारशी काळजी उरलेली नाही. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ आणला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४. दोघांनीही सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. म्हणजे असा फोन आज जुना घेतला तरी त्याचं बरंच आयुष्य शिल्लक असतं.

स्वतःसाठी, भावंडांसाठी आणि गावाकडच्या नातेवाइकांसाठी असे फोन मी घेऊन दिले आहेत. दर वेळी एकच दिसतं. घेणारा माणूस आधी फोन उलटसुलट करून ओरखडे बघतो, मग कॅमेरा उघडून दोन फोटो काढतो आणि पैसे देतो. ओरखड्यांनी फारसं काही बिघडत नाही. फोन दुसऱ्याच्या नावावर लॉक असेल, त्यावर हप्ता बाकी असेल किंवा तो चोरीचा असेल, तर मात्र सगळे पैसे बुडतात. म्हणून खालचा क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. शक्यतो तो बदलू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. दूर गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी फोन हवा असेल, तर वापरलेला घेऊ नका. त्यांना वॉरंटीतला नवा फोनच द्या. बॅटरी किंवा चार्जिंगची तक्रार निघाली की त्यांना तालुक्याच्या गावी हेलपाटे घालावे लागतात.

सोबत काय न्यायचं

- तुमचं चालू सिम आणि सिमचा ट्रे काढायची पिन
- तुमचा स्वतःचा चार्जर आणि केबल. आयफोन १४ पर्यंत लाइटनिंग केबल लागते, २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप-सी.
- नेट चालू असलेला दुसरा फोन. हॉटस्पॉट लागणारच आहे.
- कोरा कागद, पेन आणि तुमच्या ओळखपत्राची झेरॉक्स

विकणाऱ्याकडून काय मागायचं

- मूळ बिल. त्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, छापलेला असावा.
- डबा, असल्यास
- त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स. आधार द्यायला तो का-कू करत असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार किंवा लायसन्स चालेल.
- फोन हप्त्यावर घेतलेला असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र

फोन करतानाच हे सगळं विचारून घ्या. बिल नाही, डबा नाही, ओळखपत्रही देणार नाही असं उत्तर आलं, तर तिथे जायची गरज नाही.

१. विकणारा कोण आहे ते पाहा

ओळखीतला माणूस सगळ्यात बरा. फोन कसा वापरला, कधी पडला, हे त्याला विचारता येतं आणि पुढे काही निघालं तर त्याचं घर माहीत असतं. त्यानंतर दुकान. मुंबईचं मनीष मार्केट, पुण्याची तापकीर गल्ली किंवा नागपूरची सीताबर्डी असल्या गजबजलेल्या ठिकाणी भाव कमी ऐकू येतो, पण पक्कं बिल मागितल्यावर दुकानदार काय म्हणतो ते नीट ऐका. दुकानाचा शिक्का, तारीख, आयएमईआय आणि किती दिवसांची वॉरंटी, एवढं लिहून देणारा दुकानदार हजार रुपये जास्त घेत असेल तर द्या. त्या लिहून दिलेल्या कागदाची किंमत आहे.

ऑनलाइन जाहिरात बघून अनोळखी माणसाकडून घेणार असाल, तर गर्दीच्या ठिकाणी, दिवसा, समोरासमोर भेटा. कॉफीचं दुकान किंवा मॉल चालेल, पार्किंगचा कोपरा नको. आणि हे दोन सापळे ओळखून ठेवा.

पहिला सापळा म्हणजे लष्करात असल्याचं सांगणारा माणूस. बदली झाली म्हणून फोन स्वस्तात काढतोय, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो, कुरिअरने फोन धाडतो, फक्त थोडे पैसे आधी टाका, असं तो सांगतो. वर्षानुवर्षं याच पद्धतीने लोक फसत आले आहेत. फोन हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, मग समोरचा कोणीही असो.

दुसरा सापळा तुम्ही तुमचा जुना फोन विकायला काढता तेव्हा येतो. ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’ असं सांगितलं जातं. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. असं झालंच तर उशीर न करता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

२. बिल नीट वाचा

जुनी मोटरसायकल घेताना आपण आरसी बुक बघतो. मोबाइलला आरटीओ नाही, म्हणून त्याचं आरसी बुक म्हणजे बिल. बिलावरचं नाव आणि समोरच्याचं नाव एकच आहे का ते पाहा. नाव वेगळं असेल तर का ते विचारा. ‘बायकोच्या नावावर घेतला होता’ हे उत्तर खरं असू शकतं. मग वहिनींशी फोनवर दोन मिनिटं बोलून घ्या आणि पावतीवर त्यांची सही मागा.

बिलाच्या तारखेवरून वॉरंटी किती उरली तेही कळतं. मोबाइलवर काढलेला बिलाचा फोटो दाखवला तर त्यावरचा आयएमईआय स्पष्ट वाचता आला पाहिजे. ऑनलाइन खरेदीचं बिल विकणाऱ्याच्या खात्यात सहसा पडून असतं, ते समोरच डाउनलोड करायला सांगा.

३. आयएमईआय तपासा

प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय नंबर असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. डायलरवर *#०६# टाइप केलं की ते स्क्रीनवर येतात. हे नंबर सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये, डब्यावर आणि बिलावर तेच आहेत का, आकड्याला आकडा लावून पाहा. शेवटचे चार जुळले म्हणून पुढे जाऊ नका.

मग तो नंबर सरकारी नोंदीत कसा आहे ते बघा. दूरसंचार विभागाचं ‘संचार साथी’ पोर्टल मे २०२३ मध्ये देशभर सुरू झालं, त्याचं ॲपही आहे. त्यात मोबाइलची खातरजमा करण्याची सोय आहे. नेट चालत नसेल तर एसएमएस करा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम (KYM), मग एक जागा सोडून पंधरा आकडी नंबर, आणि हे १४४२२ वर पाठवा. उत्तरात फोनची कंपनी आणि मॉडेल येतं. ते हातातल्या फोनशी जुळलं पाहिजे. ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ असं आलं तर फोन परत द्या आणि निघा. या तिन्ही उत्तरांनंतर फोन घेऊ नये, अशी सरकारची स्वतःची सूचना आहे. दोन आयएमईआय असतील तर दोन्ही तपासा.

डबा आणि फोन जुळत नाहीत याला एक प्रामाणिक कारणही असू शकतं. सर्व्हिस सेंटरमध्ये मदरबोर्ड बदलला की आयएमईआय बदलतो. पण मग सर्व्हिस सेंटरचा कागद असतो आणि त्यावर जुना-नवा नंबर लिहिलेला असतो. तो कागद नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

यात कायद्याचाही भाग आहे. आयएमईआयमध्ये फेरफार करणं दूरसंचार कायदा २०२३ नुसार गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असताना घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतं. बिल नाही आणि भाव बाजाराच्या निम्मा, हे ‘पुरेसं कारण’ ठरू शकतं.

४. लॉक: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

माझ्या मते अर्धा तास लागला तरी चालेल, पण ही पायरी पूर्ण केल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणारे बऱ्याचदा म्हणतात, ‘डील पक्की झाली की रीसेट मारतो.’ हरकत नाही, पाचवी ते सातवी पायरी आधी करा. पण क्रम कसाही असो, रीसेट आणि त्यानंतरची तपासणी पैसे देण्याआधीच व्हायला हवी.

अँड्रॉइड फोनवर २०१५ पासून रीसेटनंतरचं कुलूप आहे. फोनमध्ये आधीच्या मालकाचं गुगल खातं तसंच ठेवून कुणी बटणं दाबून तो साफ केला, तर फोन सुरू करताना त्याच खात्याचा पासवर्ड किंवा आधीचा पिन मागतो. अँड्रॉइड १५ पासून हे कुलूप आणखी घट्ट झालं आहे. म्हणून विकणाऱ्याला आधी सेटिंग्जमध्ये जाऊन त्याचं गुगल खातं काढायला सांगा. सॅमसंग किंवा शाओमीचं वेगळं खातं असेल तर तेही. मग सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट.

आयफोनवर २०१३ च्या आयओएस ७ पासून ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आहे. विकणाऱ्याने ‘फाइंड माय’ (हरवलेला आयफोन शोधण्याची सोय) बंद करून, ॲपल खात्यातून साइन आउट करून, मग ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ करायचं. पासवर्ड विसरलो, नंतर मेसेज करून पाठवतो, हे ऐकून घेऊ नका. तो पासवर्ड आला नाही तर फोन काहीही करता येणार नाही असा पडून राहतो. दुकानातून लॉक तोडून देतो म्हणणाऱ्यांच्याही नादी लागू नका.

आता खरी परीक्षा. रीसेट झालेला फोन तुमच्या हॉटस्पॉटला जोडा आणि तुमच्या खात्याने पूर्ण सुरू करा, अगदी होम स्क्रीन येईपर्यंत. नेट जोडल्याशिवाय ही लॉक बऱ्याचदा दिसत नाहीत. विकणाऱ्याने ‘बघा, नवाकोरा केलाय’ म्हणत पहिल्या हॅलोच्या स्क्रीनवरचा फोन हातात दिला, तर त्याला तपासणी म्हणू नका.

हप्त्याचं लॉक हा आपल्याकडचा खास प्रकार आहे. फायनान्सवर घेतलेल्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये कर्ज देणारी कंपनी आपलं ॲप बसवते. हप्ता थकला की ती दूर बसून फोन बंद करू शकते. काही फोनमध्ये हे ॲप रीसेटनंतर नेट लागताच परत येतं. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ असं शोधा आणि यादीत कुठली फायनान्स कंपनी दिसते का पाहा. सुरुवातीच्या स्क्रीनवर ‘हा फोन तुमच्या संस्थेच्या मालकीचा आहे’ अशा अर्थाची ओळ आली, तर तो हप्त्याचा आहे किंवा कुणाच्या तरी ऑफिसचा. आयफोनवर अशा वेळी ‘रिमोट मॅनेजमेंट’ अशी पाटी येते. ऑफिसने दिलेला फोन विकायचा अधिकार कर्मचाऱ्याला नसतो.

शेवटी फोन एकदा बंद करून चालू करा. सुरू होताना बूटलोडर (फोन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अनलॉक असल्याची सूचना आली, तर त्यात कंपनीचं नसलेलं सॉफ्टवेअर असू शकतं. अशा फोनवर बँकांची आणि पैशांची ॲप बऱ्याचदा चालत नाहीत.

५. तुमचं सिम घालून बोला

नुसत्या नेटवर्कच्या कांड्या बघून चालणार नाही. प्रत्यक्ष फोन लावा, दोन मिनिटं बोला, समोरच्याला आवाज नीट जातो का विचारा. बोलताना फोन कानाला लावला की स्क्रीन काळी व्हायला हवी, ती न झाल्यास सेन्सर गेलेला आहे किंवा डिस्प्ले बदलताना बिघडला आहे. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही खोबण्या तपासा.

परदेशातून आणलेल्या फोनकडे जास्त लक्ष द्या. आपल्याकडे अमेरिकेतून किंवा आखातातून येताना पाहुणे फोन आणतात आणि मग ते विकायला निघतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनला सिमचा ट्रेच नसतो, सगळं ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या सिमवर चालतं. आपल्या कंपन्या ई-सिम देतात, पण फोन बिघडला की पटकन सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेण्याची सोय राहत नाही. ते चालणार असेल तरच घ्या. काही परदेशी फोन तिथल्या एकाच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं असायला हवं. जपानमधल्या आयफोनचा फोटो काढतानाचा आवाज बंद करता येईलच असं नाही, हेही आधी माहीत असलेलं बरं.

जिओ वापरत असाल तर एक बाब पक्की करा. जिओचं टूजी-थ्रीजी नाही, कॉल व्होल्टीवर, म्हणजे फोरजीच्या डेटावरून चालतात. परदेशी अँड्रॉइड फोनमध्ये व्होल्टी चालू झालं नाही, तर नेट येईल पण साधा कॉल लागणार नाही.

६. बॅटरी

आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरी विभागात टक्केवारी दिसते. ॲपलच्या हिशेबाने आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० चार्जिंग सायकलनंतर ८० टक्क्यांवर येते, आयफोन १५ पासून १००० सायकलनंतर. ८५ च्या खाली असेल तर मी नवी बॅटरी घालण्याचा खर्च भावातून वजा करायला सांगतो. आयफोन १२ आणि पुढच्या फोनमध्ये जनरल, अबाउटच्या पानावर बॅटरी, डिस्प्ले आणि कॅमेरा बदललेला आहे का, आणि बदललेला भाग ओरिजिनल आहे का, तेही लिहिलेलं असतं. भाग बदललेला नसेल तर ती नोंदच दिसत नाही.

सगळ्याच अँड्रॉइडमध्ये अशी टक्केवारी मिळते असं नाही. तिथे ब्राइटनेस पूर्ण वाढवून दहा-पंधरा मिनिटं व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू ठेवा. चार्ज धडाधड उतरला किंवा मागची बाजू हात लावता येणार नाही इतकी तापली, तर बॅटरीचं आयुष्य संपत आलं असावं. फोन सपाट टेबलावर पालथा ठेवून बघा. तो डुगडुगत असेल किंवा डिस्प्लेची कड वर उचललेली दिसत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. असा फोन कितीही स्वस्त असला तरी घरी आणू नका.

चार्जर लावून टक्का वाढतो का पाहा आणि केबल जरा हलवा. पिन ढिली असेल तर चार्जिंग तुटतं.

७. डिस्प्ले, कॅमेरा, बॉडी

पूर्ण पांढरा फोटो स्क्रीनभर लावा, मग राखाडी, मग काळा. पांढऱ्यावर डाग आणि पिवळेपणा दिसतो, राखाडीवर जुन्या चिन्हांच्या पुसट सावल्या. दुकानात डेमोला ठेवलेल्या फोनवर त्या हमखास असतात. हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ दिसली, तर डिस्प्ले बदलण्याचा खर्च गृहीत धरा, तो मोठा असतो. सॅमसंगमध्ये डायलरवर *#०*# टाइप केलं की बहुतेक मॉडेलवर स्क्रीन, टच, स्पीकर तपासायचा मेनूच उघडतो. इतर फोनवर एखादं चिन्ह बोटाने दाबून धरून स्क्रीनभर फिरवा. कुठे सुटलं तर तिथे टच मेला आहे.

कॉपी डिस्प्ले ओळखायची चांगली खूण म्हणजे स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट. स्वस्तातला एलसीडी डिस्प्ले बसवला की तो बहुधा चालत नाही. म्हणून तुमचं बोट नोंदवून बघा. डिस्प्ले बदललेल्या फोनला पाण्यापासून संरक्षण राहिलं आहे असं धरू नका, मग मॉडेलवर काहीही लिहिलेलं असो.

सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारा. बऱ्याच फोनमध्ये तिथे छोटा पांढरा स्टिकर असतो. तो लाल किंवा गुलाबी झाला असेल, तर फोनमध्ये पाणी गेलं होतं. कॅमेरे सगळे तपासा, मागचे दोन-तीन आणि पुढचा. प्रत्येकाने व्हिडिओ काढून आवाजासकट परत ऐका. कोपऱ्यावरचे ओरखडे कव्हरमध्ये झाकले जातात, त्यांवर वेळ घालवू नका.

८. भाव, पैसे आणि पावती

विकणारा फोन आला तेव्हाची किंमत सांगतो. तुम्ही आज तोच फोन नवा कितीला मिळतो ते बघा आणि तिथून खाली या. नवे आयफोन साधारण सप्टेंबरात येतात, गॅलेक्सी एस मालिका वर्षाच्या सुरुवातीला, आणि दिवाळीत सेल असतात. त्यानंतरच्या काही आठवड्यांत जुने फोन भरपूर विकायला निघतात आणि घासाघीस सोपी जाते.

पैसे यूपीआयने द्या, आणि पाठवताना दिसणारं नाव ओळखपत्रावरचंच आहे का पाहा. मग साध्या कागदावर असा मजकूर लिहून घ्या:

‘मी, ______, राहणार ______, माझ्या मालकीचा ______ कंपनीचा ______ मॉडेलचा मोबाइल, आयएमईआय क्र. ______ व ______, आज दि. ______ रोजी ______ यांना रु. ______ ला विकला असून पूर्ण रक्कम मिळाली. सदर मोबाइल चोरीचा नाही. त्यावर कोणतेही कर्ज किंवा हप्ता बाकी नाही.’

खाली दोघांच्या सह्या, मोबाइल नंबर आणि तारीख. ओळखीतल्या माणसाकडून पावती मागायला संकोच वाटतो, तरी मागा. त्यातून त्याचंही संरक्षण होतं. फोन त्याच्याकडून कोणत्या तारखेला गेला, हे त्याच्याजवळही लिहिलेलं राहतं.

९. घरी आल्यावर

फोनचं सॉफ्टवेअर पूर्ण अपडेट करा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीची तारीख दिसते, ती अपडेटनंतरही वर्षभर मागे असेल तर कंपनीने त्या फोनला अपडेट देणं थांबवलेलं असू शकतं. त्यावर बँकेची ॲप टाकू नका. ‘फाइंड माय’ किंवा गुगलचं फोन शोधण्याचं साधन लगेच चालू करा. यूपीआयची नोंदणी नव्या फोनवर पुन्हा करावी लागते. त्यासाठी बँकेशी जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि त्यात एसएमएस जाण्याइतका बॅलन्स हवा.

बिल, पावती आणि ओळखपत्राची झेरॉक्स यांचा फोटो काढून ईमेलवर ठेवा, फक्त त्याच फोनमध्ये नको. उद्या हा फोन हरवला किंवा चोरीला गेला, तर आधी पोलिसांत तक्रार द्यायची, त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढायचं आणि संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक करण्याचा अर्ज भरायचा. अर्जात तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपी येतो. फोन तुमचा आहे हे दाखवायला त्या वेळी हेच कागद पुढे करायचे आहेत.